मुळाक्षरांचे तीन क्रम

नागपुराहून वर्ध्याकडे निघालेली आगगाडी बुटीबोरी आणि बोरखेडी ही स्थानके मागे टाकून सेलू तालुक्याच्या हद्दीत शिरली, म्हणजे लवकरच जे स्थानक लागते त्याच्या फलकावरील नाव साक्षर माणूस इतक्या सहजी वाचून जातो, की आपण काही वाचले हेही त्याच्या ध्यानी येत नाही. 'सिंदी' ही तर उणीपुरी दोन अक्षरे! परंतु पहिलीच्या वर्गात नुकत्याच बसू लागलेल्या सहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने तोच फलक पाहावा, म्हणजे त्या दोन अक्षरांत किती कोडी दडलेली आहेत ते कळून येते. बोलताना तो 'स' आधी उच्चारतो व 'इ' मागाहून. फलकावर मात्र वेलांटी 'स'च्या अगोदरच उभी. बोलताना 'न'चा नाद त्याला स्पष्ट ऐकू येतो; फलकावर 'न' औषधालाही सापडत नाही, त्याच्या ऐवजी डोक्यावर एक टिंब. दुसरी वेलांटी तेवढी शहाण्यासारखी आपल्या अक्षराच्या मागून येते. आणि वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी (मेघे) या गावापासून हे गाव वेगळे ओळखू यावे म्हणून सरकारी दप्तरांत त्याच्या नावापुढे कंसात जो 'रेल्वे' हा शब्द लिहितात, त्यात तर 'ल'ची दंडी काढून घेऊन त्याला 'व'च्या अंगाला चिकटविलेले! ज्या गावाचे नाव मूल तिसऱ्या वर्षीच खणखणीत सांगू लागते, तेच नाव बिनचूक वाचावयास व लिहावयास त्याला कित्येकदा तिसरी इयत्ता का गाठावी लागते, या प्रश्नाचे उत्तर त्या फलकावरच लिहिलेले आहे.

वाचन शिकणे म्हणजे भाषा शिकणे नव्हे. शाळेचा उंबरठा ओलांडणाऱ्या मुलापाशी भाषा मुबलक असते. रुसावयाला, मागावयाला, खोटे बोलावयाला आणि गोष्ट सांगावयाला लागणारे सगळे व्याकरण त्याने कोणत्याही गुरुजींच्या मदतीवाचून हस्तगत केलेले असते. त्याला ठाऊक नसते ते एवढेच, की आपण बोललेल्या शब्दाचे तुकडे पडतात आणि त्या तुकड्यांना आकार देता येतो. 'बैल' म्हणताच त्याच्या डोळ्यांपुढे शिंगे आणि वशिंड येते. त्या शब्दाच्या प्रारंभी ओठ मिटतात, याकडे त्याने कधी लक्ष दिलेले नसते, आणि देण्याचे त्याला कारणही पडलेले नसते. अर्थाकडून नादाकडे लक्ष वळविणे ही साक्षरतेची पहिली पायरी होय. आणि ती पाटीवर चढावयाची नसून कानाने चढावयाची आहे. 'ता-न्हा-पो-ळा' असे टाळ्या देत शब्द फोडणे, 'बस'च्या शेवटी काय ऐकू आले ते विचारणे, 'स'ने सुरू होणारी घरातील नावे आठविणे, हे खेळ पोरकट वाटले तरी वाचनाच्या इमारतीचा पाया तेच घालतात.

त्यातून आपली लिपी ही इंग्रजीसारखी सुट्या वर्णांची नव्हे. तिच्यात व्यंजनाच्या पोटी 'अ' गृहीत असतो आणि इतर स्वर चिन्हरूपाने त्याच्या डोक्यावर, पायाशी वा बाजूला बसतात. 'क' ते 'ळ' अशी चौतीस व्यंजने आणि बाराखडीची बारा रूपे धरली, तर गुणाकाराने ४०८ आकृती होतात. जोडाक्षरे आणखी वेगळी. हा पसारा एका वर्षात पदरी पडावा अशी अपेक्षा वडीलधारी माणसे करतात, तेव्हा त्यांना स्वतःचे बालपण आठवत नसते. कन्नड लिपीची घडणही अशीच आहे, आणि त्या लिपीतून शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करून सोनाली नाग यांनी असे दाखवून दिले आहे, की अक्षरांची ओळख पहिलीत पुरी होत नाही. ती तिसरी-चौथीपर्यंत चालू राहते. तेव्हा सवाल घाईचा नाही, क्रमाचा आहे. चारशेंहून अधिक आकृती द्यावयाच्याच, तर कोणती आधी आणि कोणती मागून?

मराठी शाळेने या प्रश्नाची दोन उत्तरे फार पूर्वीपासून देऊन ठेविली आहेत. पहिले उत्तर 'क, ख, ग, घ, ङ' हे होय. 'ॐ नमः सिद्धम्' या मंगलवचनाचा अपभ्रंश होऊन झालेला 'ओनामा' म्हणवून घेऊन पंतोजी धूळपाटीवर मुलाचे बोट धरीत, आणि मग वर्णमाला, बाराखडी व उजळणी यांचा घोष सुरू होई. हा क्रम सामान्य नव्हे. कंठ, तालू, मूर्धा, दंत आणि ओष्ठ अशी मुखाच्या आतून बाहेर येणारी पाच स्थाने, आणि प्रत्येक स्थानी कठोर, मृदू, अल्पप्राण, महाप्राण व अनुनासिक यांची शिस्तवार रांग, ही रचना ज्यांनी सिद्ध केली त्या प्राचीन ध्वनिशास्त्रज्ञांपुढे आधुनिक भाषावैज्ञानिकही आदराने मान लववितात. परंतु हा जिभेचा क्रम आहे. ज्याला वर्ण अगोदरच अवगत आहेत, त्या विद्वानाने त्यांची केलेली ती मांडणी आहे. ज्याला ते अवगत व्हावयाचे आहेत त्याच्यासाठी ती केलेलीच नाही. याची परीक्षा सोपी आहे. क-वर्गाची पाचही अक्षरे मुलाने घोकली, आणि मग त्या पाचांतून एखादा शब्द बनव म्हणून आपण त्याला सांगितले, तर काना-मात्रेवाचून त्याच्या हाती 'खग' लागेल. आणि पक्ष्याला 'खग' म्हणणारे सहा वर्षांचे मूल वर्धा जिल्ह्यातच काय, कोठेही भेटावयाचे नाही. 'ङ'ची गाठ तर त्याला पुढे जन्मभरात क्वचितच पडेल, आणि तरीही सातव्या वर्षाच्या आत तो त्याला गिरवावा लागतो.

दुसरे उत्तर 'ग, म, भ, न' हे आहे, आणि ते मराठी माणसाच्या जिभेवर असे रुळले आहे की 'त्याला त्यातले गमभनही ठाऊक नाही' असे आपण कोणत्याही विषयातील अनभिज्ञाविषयी म्हणतो. हा हाताचा क्रम होय. ही चारही अक्षरे एका घराण्यातली: उजवीकडे खडी दंडी, डावीकडे गाठ, वर शिरोरेखा. एकाचे वळण बोटांत बसले की दुसरे फारशा सायासाशिवाय उतरते. पुढे 'व' आणि 'ब', 'प' आणि 'ष', 'ट' आणि 'ठ' अशी घराणी एकामागून एक लावता येतात. ज्यांनी हा क्रम रूढ केला त्यांना मुलाच्या मनगटाची चांगली पारख असली पाहिजे. शिवाय यातून शब्दही मिळतात. 'मग', 'नग', 'मन' हे बरे. 'नभ', 'गमन', 'मनन' हे मात्र पुन्हा पंडितांच्या घरचे.

हाताचा विचार निघाला, म्हणजे सिंदीच्या मुलाने आपल्याच जिल्ह्याकडे पाहावे. वर्ध्यास १९३७ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २२ व २३ तारखांना महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली जी राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली, आणि जिच्या ठरावांवरून झाकिर हुसेन यांच्या समितीने सात वर्षांच्या मोफत, मातृभाषेतून द्यावयाच्या व हस्तव्यवसायाभोवती गुंफलेल्या शिक्षणाचा आराखडा तयार केला, तीतून निघालेली 'नई तालीम' सेवाग्रामी रुजली. टकळी फिरविणारा हात आणि अक्षर वळविणारा हात एकच, ही जाणीव त्या योजनेच्या मुळाशी होती. गांधीजींचे स्वतःचे हस्ताक्षर वाईट होते आणि त्याची खंत त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने नमूद केली आहे. तेथेच त्यांनी असे मत दिले आहे, की मुलाने फुले, पक्षी पाहावेत तशी अक्षरे आधी नुसती पाहावीत, चित्रे काढावयास शिकावे, आणि हात वस्तूंच्या आकृती काढू लागला म्हणजे मगच अक्षर लिहावयास घ्यावे. यातील मर्म कोणत्याही बालवाडीत प्रत्यक्ष दिसते. चार वर्षांच्या मुलाच्या मुठीत पेन्सिल देऊन दुरेघी वहीत 'अ' गिरवावयास लावले, की ते खांद्यापासून जोर लावते, कागद फाटतो, जीभ दातांखाली येते, आणि दहाव्या 'अ'ला पहिल्याचा चेहराही उरत नाही. तेच मूल अंगणात काडीने रेघा ओढीत असेल, मातीचे बैल करीत असेल, पळाटीची बोंडे फोडून सरकी निवडीत असेल, तर त्याची बोटे लेखणीसाठीच तयार होत असतात. फक्त या तयारीची हजेरी शाळेच्या पटावर लागत नाही.

अक्षराच्या आकाराविषयी वर्ध्यात आणखी एक उद्योग झाला, तोही येथे सांगण्याजोगा आहे. 'इ', 'ई', 'उ', 'ऊ', 'ए' या स्वरांच्या स्वतंत्र आकृती शिकविण्याऐवजी 'अ'लाच वेलांटी, उकार व मात्रा लावून 'अि', 'अी', 'अु', 'अू', 'अे' असे लिहावे, म्हणजे मुलाचे व छापखान्याचे ओझे एकदमच हलके होईल, अशी तजवीज काकासाहेब कालेलकर, विनोबा आणि सावरकर यांनी आपापल्या परीने पुरस्कारिली. आणि वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीची पुस्तके अशा रूपात छापली जात. १९५३ साली लखनौस भरलेल्या लिपीसुधारणा परिषदेने तर पहिली वेलांटीही अक्षराच्या उजव्या अंगास आणावी, अशी शिफारस केली. यांपैकी काहीच लोकांच्या अंगवळणी पडले नाही. लिपी ही रूढीची वस्तू असल्यामुळे तिच्यात एका पिढीची सोय दुसऱ्या पिढीची गैरसोय ठरते. पण सुधारकांनी बोट ठेविले ते दुखणे खरे होते, आणि लिपी बदलत नाही तर शिकविण्याचा क्रम तरी बदलावा, हा त्यातून निघणारा बोध आजही शिळा झालेला नाही.

येथून तिसरा क्रम सुरू होतो. जिभेचा आणि हाताचा विचार झाला. राहिला तो कानाचा आणि मनाचा, म्हणजेच मुलाचा. या क्रमात वर्णमाला पुरी होईपर्यंत वाचनाने वाट पाहावयाची नसते. थोडी अक्षरे, एक-दोन चिन्हे, आणि लागलीच शब्द. ते मुरले की आणखी थोडी अक्षरे. उदाहरणादाखल 'र, ल, ब, स' ही चार अक्षरे, काना आणि दुसरी वेलांटी एवढेच भांडवल घेऊ. यातून 'बस', 'रस', 'सर', 'लाल', 'साल', 'बारा' हे शब्द होतात. 'बी', 'सरी', 'रास', 'रबी' हे शेताशिवाराचे शब्द होतात. आणि पहिल्याच पंधरवड्यात 'बाबा, बसा' असे पुरे वाक्य फळ्यावर उभे राहते, जे वाचताना मुलाच्या चेहऱ्यावर उजेड पडतो, कारण ते त्याच्या घरी रोज बोलले जाते. पहिली वेलांटी सोडून दुसरी आधी का घ्यावी, यालाही सबब आहे. ती उच्चाराच्या क्रमाने, अक्षराच्या मागे येते; शिवाय मराठी शब्दाच्या अखेरीचा इकार व उकार, तत्सम शब्दातलाही, दीर्घ लिहावा असा आपल्या लेखनाचा नियम असल्यामुळे 'पाटी', 'वही', 'काडी', 'गाडी', 'आजी' या मुलाच्या रोजच्या शब्दांत तीच भेटते. डावीकडून येऊन मागाहून बोलणारी ऱ्हस्व वेलांटी, 'सूर्य'मधील डोक्यावर जाऊन बसणारा रफार, 'चक्र'मधील पायाशी लोळणारा रकार आणि 'दऱ्या'मधील भुवईसारखा वाकलेला 'ऱ' या अवघड वळणांवर मूल यावे ते चालावयास शिकल्यानंतर.

हा क्रम कोणा एकाच्या डोक्यातून निघालेला नाही. वेळोवेळी अनेकांनी त्याच्या वाटा पाडल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस व पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी अंगणात, कुरणात बालवाड्या भरविल्या, तेव्हा अक्षरांच्या आधी गाणी, गोष्टी आणि गप्पा यांना मान दिला. जन्माने अमेरिकन आणि कर्माने फलटणकर झालेल्या भाषावैज्ञानिक मॅक्सिन बर्नसन यांनी कमला निंबकर बालभवनात मराठी वाचनाची निराळी मांडणी केली. सगळी बाराखडी घोकून होईपर्यंत न थांबता, थोडक्या अक्षरांतून अर्थपूर्ण शब्द प्रारंभीच वाचू द्यावेत, हा तिचा गाभा. आणि दूर न्यूझीलंडात माओरी मुलांना शिकविणाऱ्या सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर दररोज सकाळी प्रत्येक मुलाला विचारीत, की आज तुला कोणता शब्द हवा. तो शब्द पुठ्ठ्यावर लिहून त्याच्या हाती देत, आणि दुसऱ्या दिवशी मुलाने तो ओळखला नाही तर शब्दच मुलाच्या जिव्हाळ्याचा नव्हता असे समजून पुठ्ठा बाजूला टाकीत.

सिंदीच्या मुलाला असा शब्द विचारला, तर श्रावण सरतेवेळी त्याचे उत्तर काय येईल हे गावाबाहेरचा मनुष्यही सांगू शकेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा सिंदीचा तान्हा पोळा जिल्ह्याबाहेरही ख्यात आहे. लाकडी नंदी सजवून, चाकांवर ओढीत पोरे निघतात, थोरामोठ्यांच्या लाकडी बैलांचे आकार पाहून डोळे विस्फारतात, आणि घरोघरी बोजारा मिळतो. 'नंदी', 'चाक', 'झूल', 'बोजारा' हे शब्द ज्याच्या मनात त्या दिवशी नाचत आहेत, त्याला 'अननस' आणि 'यज्ञ' यांची चित्रे दाखवून शब्द शिकवू पाहणे म्हणजे दारची विहीर सोडून हंडा घेऊन दूरच्या ओढ्याला जाणे होय. येथे लिपीचे आणखी एक रहस्यही मुलाला उमगते. 'चार बैलांना चारा' असे लिहिले, तर पहिला 'च' तालूशी आणि दुसरा दातांशी उच्चारावयाचा; दोहोंची आकृती एकच. कोणत्या जागी कोणता उच्चार हे लिपी सांगत नाही, मुलाची मातृभाषा सांगते. तद्वतच 'बस' वाचताना 'ब', मग 'स' असे सुटे म्हणून मूल शेवटी जेव्हा 'स'च्या पोटातला 'अ' आपोआप गिळून 'बस्' म्हणते, तेव्हा त्याला तो नियम कोणी शिकविलेला नसतो; शब्द ओळखीचा असल्यामुळे जीभच तो पाळते. अनोळखी शब्दाच्या बाबतीत ही मदत मिळत नाही, आणि मूल अक्षरावर अक्षर आपटत राहते. अर्थ कळणे ही वाचनानंतरची पायरी आहे, असे जे समजले जाते ते म्हणूनच चूक आहे. अर्थ हा वाचनाच्या हातातला कंदील आहे.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. वऱ्हाड-नागपूरच्या बोलीत कित्येकांच्या तोंडी 'ळ'चा 'य' होतो आणि 'ण'चा 'न'. तेथले मूल 'शायेत' जाते, 'पानी' पिते आणि वर्षभर 'पोया'ची वाट पाहते. पुस्तकात ते 'शाळा', 'पाणी', 'पोळा' असे छापलेले भेटते. या ठिकाणी गुरुजींनी वा बाईंनी चारचौघांत हसून 'पोया काय रे, पोळा म्हण!' असे फटकारले, तर मुलाच्या मनावर एवढेच ठसते, की आपल्या घरी बोलतात ते अशुद्ध आणि शाळा ही दुसऱ्या कोणाची तरी आहे. मग ते गप्प बसू लागते. आणि न बोलणाऱ्या मुलाला लिहावयास शिकविणे हे कोरड्या विहिरीला मोट लावण्यासारखे आहे. जाणता शिक्षक फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी मांडतो: हे घरचे, हे पुस्तकाचे, बैल तोच, फक्त झूल वेगळी. दोन रूपे ओळखणारे मूल एकाच रूपाला चिकटून बसलेल्या मुलापेक्षा कानाने अधिक तल्लख होते. प्रमाण मराठी त्याला द्यावयाचीच आहे, त्याविषयी वाद नाही. पण ती बोलीच्या शेजारी बसवून द्यावी, बोलीला उठवून नव्हे.

शासनाचे लक्षही अलीकडे प्रारंभिक वाचनाकडे पुन्हा वळले आहे. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने सुरू केलेल्या 'निपुण भारत' अभियानाने, तिसरी इयत्ता संपेपर्यंत प्रत्येक मुलास समजून वाचता यावे, हे उद्दिष्ट २०२६-२७ या वर्षापर्यंत साधण्याचे ठरविले. 'प्रथम' या संस्थेची 'असर' पाहणी २००५ पासून गावोगाव जाऊन मुलाला एकेकटे बसवून चारच गोष्टी वाचावयास देते: अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या दर्जाचा परिच्छेद, दुसरीच्या दर्जाची गोष्ट. ही कसोटी कोणाही आईबापास घरी घेता येते, आणि तिला खर्च नाही. पण ती घेताना मूल कोठे अडले हे पाहावे, किती गुण पडले हे पाहू नये. अक्षरे येतात व शब्द येत नाहीत, तर त्याला घोकण्याचा डोस वाढवून उपयोग नाही. त्याला जोडून वाचण्याचा सराव हवा. शब्द येतात व परिच्छेदाचा अर्थ सांगता येत नाही, तर त्याला अधिक गोष्टी ऐकविल्या पाहिजेत. रोज झोपताना एखाद्या चिंगीची वा चिमणीची गोष्ट बोट ठेवून वाचून दाखविणारी आजी, स्थानकाचा फलक, दुकानाची पाटी, बियाण्याच्या पिशवीवरचे नाव, लग्नाची पत्रिका, हा सगळा अभ्यासक्रमच आहे आणि तो मोफत आहे.

जिभेचा क्रम टाकून द्यावा असे मी म्हणत नाही. चौथी-पाचवीच्या मुलाने वर्णमालेतील ती अद्भुत व्यवस्था समजून घेतलीच पाहिजे, त्या वेळी ती त्याला आनंदही देईल. हाताचा क्रमही सुटू नये; वळणदार अक्षर हा कष्टसाध्य दागिना आहे. मागणे एवढेच, की या दोहोंनी तिसऱ्याच्या पुढे धावू नये. पुढील तान्ह्या पोळ्याला आपल्या घरच्या छोट्याला कागदाची एक चिठ्ठी द्या आणि नंदीच्या गळ्यात बांधण्यासाठी त्याला वाटेल ते लिहू द्या. त्याने 'पोया' असे लिहून आणले, तर लाल शाईला हात घालू नका. आपल्या कानाने ऐकलेला नाद त्याने आपल्या हाताने अचूक कागदावर उतरविला आहे. मूल लिहावयास शिकले, असे त्या घटकेस खुशाल समजावे. 'ळ' दुसऱ्या दिवशी शिकविता येतो.